खटावकरांचा जंपर

विलास खटावकर या माणसाने मला फसवलं. एकवीस दिवस, रोज सकाळी साडेआठला, माझ्याच घरात, माझाच चहा पीत फसवलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागलो, तर गैरसमज नको.

आणि फसवलं कोणाला? मला! अहमदपूरहून पत्र्याची पेटी घेऊन भोसरीत उतरलो, तेव्हापासून हे कोणाला जमलेलं नाही. आज चाकणजवळ निघोज्यात माझी स्वतःची शेड आहे. भंगारवाला माझ्यासमोर काटा दोनदा पुसतो. मोठमोठ्या कंपन्यांचे परचेसवाले मी खुर्चीत बसलो की आधी स्वतःसाठी पाणी मागवतात.

खटावकर चिखलीला आमच्याच रो-हाऊसच्या ओळीत, शेवटच्या घरात राहतात. चौतीस वर्षं एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. लोकांच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात लांब स्क्रू-ड्रायव्हर. कुठलंही यंत्र दिसलं की त्याचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मिक्सर, पाण्याची मोटर, माझी गाडी, गणपतीतला जनरेटर, काही सुटलेलं नाही. एकदा जिना चढताना माझ्या सासूबाईंचा गुडघा कटकन वाजला, तेव्हा यांचा हात खिशाकडे गेलेला मी पाहिलाय.

दुसरं वेड टॅगचं. तात्पुरती केलेली कुठलीही जोडणी टॅगशिवाय ठेवणार नाहीत. गळक्या नळाला बांधलेल्या चिंधीला टॅग. तारेने बसवलेल्या चष्म्याच्या काडीला टॅग, तो कानामागे डुलत असतो. त्यावर लिहिलेलं : काय केलं, कोणी केलं, का केलं, कधी काढणार. खाली सही.

"शेठ, टॅग नसला की पुढच्या शिफ्टचा माणूस मरतो," असं म्हणतात.

घरी पुढची शिफ्ट नाही. एकटेच असतात. लग्न का राहिलं विचारलं, तर शांतपणे सांगतात, "ब्रेकडाऊन चालू होता."

तर माझा पंप. आमच्या गच्चीवर पाणी तापवायचं मशीन आहे आणि शेजारी टाकी. दोन्हींचा स्टँड मी स्वतःच्या हाताने वेल्ड केलाय. एवढं कढत पाणी अख्ख्या ओळीत कोणाकडे येत नाही. एक छोटा पंप टाकीतलं पाणी मशीनमधून फिरवतो. पाणी तापलं की मशीन थांबतं आणि दोनेक मिनिटांत पंपही थांबतो. दिवाळीनंतर एके दिवशी मशीन थांबलं, पण पंप थांबेना. दिवसभर घूंऽऽ चालू. तापलेलं पाणी उगाच फिरून फिरून कोमट. सर्व्हिसवाला आला, म्हणाला, अख्खं पॅनेल बदला. मी त्याला फाटकापर्यंत पोचवला आणि खटावकरांना हाक मारली.

त्यांनी पंपाला स्क्रू-ड्रायव्हर लावून पाच मिनिटं डोळे मिटले.

"बेअरिंग ठणठणीत. पंपाचा काही दोष नाही, शेठ. त्याला थांब म्हणणारं कोणी नाही, एवढंच."

मग ते एकटेच अर्धा तास पॅनेलपाशी बसले. खाली येऊन म्हणाले, "केस अवघड आहे. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सेन्सर बघितला. तिसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह. चौथ्या दिवशी "आज नुसतं निरीक्षण". रोज आधी पंप ऐकायचे, मग खाली येऊन चहा, पोहे आणि कारखान्यातल्या गोष्टी. कुठला प्रेस कसा अडकला, लाइन बंद पडल्यावर अख्खा प्लांट कसा "खटावकर, खटावकर" ओरडत होता. माझी बायको सुनंदा पोह्यांवर जास्तीचं खोबरं घालायला लागली.

"अहो, पंपाचं काय?" मी चिडून विचारायचो.

"सावकाश होईल," ती सांगायची. "तुमच्यापेक्षा वेळेवर येतात ते."

एकविसाव्या दिवशी माझं डोकं सटकलं. दुपारी शेडवरच्या वायरमनला, गायकवाडला, गच्चीवर नेलं. तो चाकणचाच, मोजकं बोलणारा. त्याने पॅनेल उघडलं आणि हसायला लागला.

"शेठ, पंप बंद करायचा रिले हितं नवा कोरा हाय. आन् ही वायर बगा. रिलेला बगल देऊन टाकलीया. आता पंप बंद व्हायचाच न्हाई."

मला कळायला एक क्षण लागला. जुना रिले चिकटला होता. खटावकरांनी तो पहिल्याच दिवशी पदरचा बदलला, आणि मग पंप चालूच राहावा म्हणून वरून स्वतःच जंपर टाकला!

संतापाने कान तापले. पण वायर बघितली आणि बघतच राहिलो. दोन्ही टोकांना तांब्याचे लग दाबून बसवलेले. वायर पट्टीने सरळ बांधलेली. तीस वर्षं मी माल पारखतोय, इतकं स्वच्छ काम माझ्या शेडमध्येही रोज होत नाही. आणि वायरला टॅग!

"काय केलं : तात्पुरता जंपर. कोणी केलं : वि. खटावकर. का केलं : सकाळी यायला." पुढे "कधी काढणार" हा रकाना रिकामा. खाली सही.

मग ते रोज पंप ऐकणंही समजलं. आपल्या लबाडीने पंपाच्या बेअरिंगला इजा होऊ नये, म्हणून हा माणूस रोज पहारा देत होता.

"काढू का, शेठ?" गायकवाडने विचारलं.

"काढ!" राग अजून गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मी खिडकीत उभा होतो. खटावकर इस्त्रीच्या शर्टात आले. फाटकाच्या कडीला हात घातला आणि थांबले. मान गच्चीकडे कलती केली. वर सगळं शांत. त्यांनी कडीवरचा हात काढला, शर्ट उगाच खाली ओढला आणि आल्या पावली निघून गेले. बेलही वाजवली नाही.

सुनंदा चहाचे तीन कप घेऊन उभी होती. म्हणाली, "तुम्हाला काढायला कोणी सांगितलं होतं?"

मी चपला अडकवल्या आणि शेवटच्या घरी गेलो. दार उघडंच होतं.

"खटावकर, तुम्ही मला फसवलंत."

"हो, शेठ."

"टॅगवर शेवटचा रकाना रिकामा का?"

"तारीख सुचेना." ते खाली बघत होते. "टॅगवर मी खोटं लिहीत नाही."

"मला जाब पाहिजे. एकवीस दिवसांचा."

"बसा, आत्ताच सांगून टाकतो सगळं."

"असं नाही जमणार. एका दिवसाचा जाब एका दिवशी. माझ्या घरी, साडेआठला."

"एकवीस दिवस? शेठ, थोडं कमी करा की."

"माझ्याशी घासाघीस करता?"

या गोष्टीला आता तीन महिने होतील. पंप वेळेवर थांबतो. खटावकरांचा जाब मात्र अजून चौथ्या दिवसावरच अडकलाय, कारण मध्येच कुठला तरी प्रेस बंद पडतो आणि गोष्ट तिकडे जाते. पण मी सोडणारा माणूस नाही. साडेआठवर पाच मिनिटं झाली की फाटकात जातो आणि सगळ्या ओळीला ऐकू जाईल असा ओरडतो, "खटावकर! ओ खटावकर! चहा गार होतोय, या आणि जाब द्या!"