हाऊस रोला सप्रेम

रणजीत शनिवारी येतोय म्हटल्यावर हौसेरावांनी त्याचा काळा टी-शर्ट धुवायला काढला आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

तसं धुण्यासारखं घरात दुसरं काही उरलंच नव्हतं. चादरी झाल्या होत्या, पडदे झाले होते, पायपुसणंसुद्धा झालं होतं. बायको शालन जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि पोरगा पुण्याला नोकरीला लागल्यापासून बोनकोड्यात गोटीराम पाटलाच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत हौसेराव एकटेच होते. दिवसभर तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी म्हणून काट्यापाशी उभं राहायचं आणि संध्याकाळी घरी येऊन एका माणसाचा भात टाकायचा. हा एका माणसाचा भात त्यांना अजून जमला नव्हता. रोज उरायचा.

टी-शर्ट ट्रंकेत तळाशी होता. त्याच्या छातीवर ज्वाळा ओकणारी भलीमोठी कवटी आणि त्या कवटीवरून आडवातिडवा गेलेला चंदेरी रंगाचा फराटा. पुण्याला जाताना रणजीतनं बजावलं होतं, "आप्पा, हा भांडीवालीला द्यायचा नाही हां." हौसेरावांनी दिला नव्हता. भांडीवालीनं स्टीलचा डबा पुढे करूनसुद्धा दिला नव्हता.

कवटी काही त्यांना आवडत नव्हती, पण ती पोराची हौस होती. तो फराटा मात्र बघवत नव्हता. कुठल्या तरी रंगाऱ्याच्या डब्याला खेटला असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी गरम पाण्यात सोडा घालून टी-शर्ट भिजवला. फराटा हलला नाही. मग त्यांनी रॉकेल घेतलं आणि कपड्यांचा ब्रश घेऊन बसले. दुपार कलेपर्यंत घासल्यावर फराटा गेला. त्याच्याबरोबर ज्वाळा गेल्या, जबडा गेला, दातही गेले. मागे राहिली डोळ्यांची दोन काळी भोकं आणि त्यांच्याभोवतीचा पांढुरका, भिंतीसारखा चौकोन. हौसेरावांच्या मते टी-शर्ट पहिल्यापेक्षा बरा दिसत होता. त्यांनी तो झटकून गॅलरीत वाळत घातला.

तेवढ्यात खालून किंकाळी आली.

गोटीरामची मुलगी प्रिया अंगणात उभी राहून वर बघत होती. ती कॉलेजात जायची, कानात सतत वॉकमन असायचा, आणि रणजीत इथे असताना दोघांची कॅसेटींची देवघेव चालायची. ती दोन-दोन पायऱ्या चढत वर आली.

"काका, हा रणजीतदादाचा ना? ग्रॅव्हल थ्रोन बँडचा? त्याच्यावरची सही कुठाय?"

"सही कसली?"

"चंदेरी पेनची! त्यांच्या मेन सिंगरची! दादा त्या सहीसाठी अख्खा दिवस लायनीत उभा होता. त्या गर्दीत त्याची चप्पल पन तुटलेली."

हौसेरावांनी ब्रशाकडे बघितलं. ब्रशाचे केस अजून चंदेरी होते.

"सही अशी असती व्हय गं? अक्षर तर एक लागत न्हवतं."

"काका, तुमी रॉकेल लावलं?" टी-शर्ट हुंगून प्रिया मटकन खाली बसली.

हौसेरावही बसले. रणजीत फोनवर कधी फार बोलत नसे. खाली गोटीरामकडे फोन यायचा, त्याची बायको सखूवहिनी हाक मारायच्या, हौसेराव धापा टाकत खाली जायचे, आणि "बरे आहात ना? जेवलात ना? ठेवतो" एवढ्यात संपायचं. दिवाळीनंतर पोरगा पहिल्यांदा घरी येणार होता, आणि त्याची सांभाळायला दिलेली एकुलती एक वस्तू बापानं रॉकेलनं पुसून काढली होती.

"आता काय करायचं गं?"

प्रियानं डोळे पुसले आणि एकदम म्हणाली, "काका, ते लोक शुक्रवारी येतायत. वाशीला, मैदानावर. मोठा फेस्टिवल आहे."

"मग जाऊन सही घिऊ."

"असं कोनी पन नाय भेटत त्यांना. झिंगो कोलाची स्कीम आहे. बाटलीच्या बुचात कवटी निघायला पायजे. तीन कवट्या जमल्या की पास. पासवाल्यांना आत नेतात, फोटो काढतात, वर फॅन किट फुकट."

हौसेरावांनी जन्मात कोला प्यायला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मार्केटातल्या टपरीवरून क्रेटच उचलला आणि हमालांपुढे ठेवला. धनाजी हमाल त्यांच्याच तालुक्यातला, कोरेगावकडचा. तो बाटलीकडे संशयानं बघत राहिला.

"मापाडी, आज काय बारसं हाय का?"

"प्या रं. फकस्त बुच मला द्या."

हमालांनी चहा समजून कोला घशात ओतला. एकेक बाटली एका दमात रिकामी झाली. थोड्या वेळानं कांद्याच्या गाळ्यात असे ढेकर उठू लागले की व्यापारी लिलाव थांबवून बाहेर आले. पाठीवर पोतं घेतलेल्या धनाजीला मध्येच असा ढेकर आला की पोतं एकीकडे आणि तो दुसरीकडे झाला. सगळ्या गाळ्यात कांदे घरंगळले. हौसेराव ते गोळा करायचे सोडून जमिनीवर उकिडवे बसून बुचांतलं रबर नखानं खरवडत होते. "पुन्हा प्रयत्न करा", "पुन्हा प्रयत्न करा", असंच निघत होतं. शेवटी दोन कवट्या निघाल्या. तिसरी काही निघेना, आणि हमालांनी तर हातच जोडले.

"मापाडी, आता इख द्या, पर ह्ये नको," धनाजी पोट धरून म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी हौसेराव हताश होऊन घरी आले, तर जिन्यातच सखूवहिनींचा आवाज चालू होता.

"मेलेल्या मानसाचं डोस्कं बाटलीत टाकतान! पोटात गॅस झाला म्हनून जरा कोला आनला, तं बुचात बघतंय तर ह्यो! मी फेकून दिला."

प्रिया आणि हौसेराव एकदमच ओरडले, "कुठे?"

"मोरीच्या खिडकीतून. गटारान."

मग बोनकोड्यातल्या लोकांनी एक नवलाचा देखावा पाहिला. गांधी टोपी घातलेले हौसेराव गटारात काठी घालून ढवळत होते, प्रिया बॅटरी धरून उभी होती, आणि गोटीराम लुंगी सावरत ओट्यावरून विचारत होता, "काय सोनं हरवलाय का रं, सातारकर?"

"कवटी, पाटील."

"कोनाची?" गोटीरामचा चेहरा पांढरा पडला. तो जो आत गेला, तो कवटी सापडली तरी बाहेर आला नाही.

शुक्रवारी दुपारी मैदानाच्या फाटकाशी पोरापोरींची झुंबड होती. सगळे काळ्या कपड्यांत. पांढरा सदरा-पायजमा आणि टोपी घातलेले हौसेराव त्यांच्यात कावळ्यांत बगळा शिरावा तसे दिसत होते. गायकाच्या तंबूत एका पासावर एकालाच सोडत होते. प्रियाकडे मैदानाचं साधं तिकीट होतं, ती तंबूबाहेर राहिली.

"काका, फक्त 'साइन' म्हनायचं. दुसरं काय बोलायचंच नाय. टी-शर्ट पुढे धरायचा, 'साइन' म्हनायचं आणि यायचं."

टेबलामागच्या मुलानं तिन्ही बुचं नाकापासून लांब धरून तपासली, मग हौसेरावांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "अंकल, आपके लिए?"

"साइन," हौसेराव म्हणाले.

त्यानं एक पिशवी हातात दिली. हे फॅन किट. त्यात लाल फडकं, काटे असलेला रबराचा पट्टा, बिल्ला, पोस्टर आणि एक कॅसेट. फोटोसाठी फडकं डोक्याला बांधणं सक्तीचं होतं. हौसेराव टोपी काढेनात, तेव्हा त्यानं टोपीवरूनच बांधलं. मनगटावर काटेरी पट्टा चढवला. त्या अवतारात त्यांना तंबूत ढकललं गेलं.

आत तो गायक बसला होता. कमरेपर्यंत केस, दंडावर साप गोंदलेला, आणि डोळे मात्र जागरणानं थकलेले. हौसेरावांनी टी-शर्ट पुढे धरला. "साइन."

गायकानं ती दोन भोकं आणि तो चौकोन निरखून पाहिला. स्वतःचीच कवटी त्याला ओळखू आली नसावी. मग तो हसला, पेन उघडलं आणि विचारलं, "नेम? युवर नेम?"

एवढं इंग्रजी हौसेरावांना कळत होतं. पण उत्तर द्यायला वेळ लागला. मार्केटात ते मापाडी होते, खाली गोटीरामचे सातारकर, प्रियाचे काका, फोनवर आप्पा. नावानं शालन तर कधी हाक मारतच नव्हती, आणि मोठ्या भावानं हाक मारली त्याला किती वर्षं झाली कोण जाणे. समोरचा माणूस पेन धरून, मान वर करून, खरंच वाट बघत होता.

"हौसेराव," ते म्हणाले. आणि त्याला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, जरा मोठ्यानं, "हौसेराव."

गायकानं झोकात लिहिलं, खाली सही ठोकली, त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि फोटो निघाला.

बाहेर आल्यावर प्रियानं टी-शर्ट हिसकावून घेतला आणि वाचला. मग पुन्हा वाचला.

"काका, तुमी नाव सांगितलं?"

"त्यानं इचारलं. न्हाय कसं म्हणायचं?"

"त्यानं काय लिवलंय म्हायतीय? टू हाऊस रो. विथ लव्ह." तिला हसू आवरेना, आणि मग हौसेरावांचा चेहरा बघून आवरलं. "आता दादाला काय सांगायचं? ही त्याची सही नाय ना. ही तुमची झाली."

"पुसली तर?"

"काका, रॉकेलला हात लावलात तर बघा!"

तेवढ्यात वाद्यं सुरू झाली. पहिल्या ठोक्याला हौसेरावांना वाटलं, मालाचा ट्रकच उलटला. मग तो ठोका पोटात शिरला आणि तिथेच राहिला. गाणं म्हणजे नुसती बोंब होती, शब्द एक कळत नव्हता. पण पोरं खांद्याला खांदा लावून उड्या मारत होती. शेजारच्या एका घामेजलेल्या पोरानं काही न विचारता हौसेरावांच्या गळ्यात हात टाकला आणि त्यांनाही हलवायला लागला. रणजीतही असाच कुणाच्या गळ्यात हात टाकून नाचला असेल, असं त्यांच्या मनात आलं. घरात तर तो कधी मोठ्यानं हसलासुद्धा नव्हता. हौसेरावांनी दोन-तीन उड्या मारून बघितल्या. टोपी, फडक्यामुळे, जागची हलली नाही.

शनिवारी दुपारी रणजीत आला. खांद्यापर्यंतचे केस गेले होते, भांग पडला होता, हातात कंपनीची ब्रीफकेस होती. हौसेरावांनी कांदाभजी केली होती, वांग्याचं भरीत केलं होतं, आणि आज भात बरोबर झाला होता. टी-शर्ट त्यांनी खुर्चीच्या पाठीवर समोरच टाकून ठेवला होता. लपवायचं नाही, पोरानं विचारलं की सगळं सांगायचं, असं त्यांनी रात्रभर ठरवलं होतं. सुरुवात कुठून करायची तेही ठरलं होतं, भांडीवालीपासून.

जेवता जेवता रणजीतची नजर खुर्चीकडे गेली. हौसेरावांनी घास ताटात ठेवला.

"हे काय आप्पा? हाऊस रो?" त्यानं मान वाकडी करून वाचलं. "रो हाऊस लिहायचंय वाटतं. घराचं चित्रपण आहे, दोन खिडक्या. कुठल्या बिल्डरनी वाटला? सगळीकडे रो हाऊसच बांधतायत आता."

हौसेरावांनी ताटातला घास पुन्हा उचलला.

"फुकट मिळाला," ते म्हणाले. ते काही खोटं नव्हतं.

"माझा पण असाच एक काळा होता ना? कवटीवाला? दिला असाल तुम्ही भांडीवालीला." रणजीत हसला. "बरंच झालं. आता कोण घालतंय ते. भरीत झकास झालंय आप्पा, आईसारखं."

"अजून घे."

"नको. सहाच्या एशियाडनं निघायचंय. उद्या साहेबांकडे पूजा आहे, सगळ्या स्टाफला बोलावलंय."

"राहणार न्हाईस?"

"पुढच्या वेळी नक्की."

एसटीच्या थांब्यापर्यंत हौसेराव सोबत गेले. रणजीतनं वाकून नमस्कार केला, बस आली आणि गेली.

रविवारी मार्केटला सुट्टी. घरात धुण्यासारखं आता खरंच काही नव्हतं. हौसेरावांनी टी-शर्ट अंगात घातला, जरा घट्ट होत होता, आणि पिशवीतली कॅसेट काढून रणजीतच्या जुन्या टेपमध्ये घातली. बटण दाबताच खिडकीची काचच थरथरली. ते दचकून आवाज कमी करायला धावले, तोच खालून छताला काठीचे ठोके बसले.

"सातारकर! काय इमारत पाडतस का रं?"

हौसेराव बटणावर बोट ठेवून उभे राहिले. गुडघेदुखी सुरू झाल्यापासून गोटीराम वर आला नव्हता. वर कुणीच आलं नव्हतं, प्रिया सोडली तर, आणि तीही टी-शर्टापुरती.

"सातारकर! आयकू येतंय का? बंद कर, न्हाय तं वर येईन हां मी!"

हौसेरावांनी आवाज आणखी वाढवला. मग स्वयंपाकघरात जाऊन स्टोव्ह पेटवला, आणि चहाचं आधण दोघांचं ठेवलं.

जिन्यात शिव्या घालत, कठड्याला धरून, एकेक पायरी चढत गोटीराम वर येत होता.