सात नवे किती?

बिट्टीने दाराची खालची कडी आतून लावली, तेव्हा तिची आजी दाराबाहेर उभी होती. पायांत चपला नाहीत, तोंडात कवळी नाही, हातात मात्र गॅसचा लायटर.

झालं होतं असं. आजी, म्हणजे निवृत्त शिक्षिका असल्यामुळे सगळ्यांच्या बाई, ओट्यापाशी दूध तापवायला ठेवत होत्या आणि जिन्यात धप्पकन काहीतरी आदळलं. मागच्या गल्लीत चोरी झाल्याचं कानावर आल्यापासून इमारतीत कोणी जोरात शिंकलं, तरी शेजारची दारं किलकिली व्हायची. बाई लायटर तलवारीसारखा उगारून तशाच बाहेर धावल्या. बघतात तर समोरचे शिंपीकाका कापडाचा तागा उचलत होते.

"निसटला हो हातातून," ते ओशाळून म्हणाले.

तेवढ्यात वाऱ्याने दार लागलं आणि पाठोपाठ कडी वाजली.

"बिट्टी, दार उघड गं. आजी आहे."

"परवलीचा प्रश्न!" आतून आवाज आला. "सात नवे किती?"

बाईंनी कपाळाला हात लावला. हे सगळं त्यांनीच शिकवलं होतं. जन्मभर प्राथमिक शाळेत पाढे घोटून घेतलेल्या बाईंनी चोरीची बातमी ऐकताच दुसरीतल्या नातीचा वर्ग घेतला होता. दार लागलं की कडी घालायची. ओळखीचा आवाज आला तरी फसायचं नाही, कारण चोर आवाज काढतात. आधी प्रश्न विचारायचा; तीनदा चुकलं, तर खिडकीतून ओरडायचं. आणि उत्तर बरोबर आलं, तर मुळीच उघडायचं नाही! चोरही शाळेत गेलेला असू शकतो. म्हणून बाईंनी एक चुकीचं उत्तर ठरवलं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी, ज्याला सारा वर्ग भोपळ्या म्हणायचा, तो सात नवेचं एकच चुकीचं उत्तर वर्षभर छातीठोकपणे देत असे. तेच उत्तर. पण ते होतं काय?

"त्रेसष्ट," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"चूक! म्हणजे बरोबर, म्हणून चूक!"

"थांब गं, आठवते." बाईंनी डोळे मिटले. पण इतकी वर्षं पोरांच्या चुका दुरुस्त करणारी ती जीभ. ती काही वाकडी वळेना. "त्रे... त्रेसष्ट!"

"दोन चुका झाल्या!"

"बाई, अहो, मुद्दाम चुकायचंय ना?" शिंपीकाका कळवळून म्हणाले. "मग चुका की!"

"तुम्हाला सोपं वाटतं! आणि आत माझं दूध आहे गॅसवर!"

हे ऐकून शिंपीकाका धावत घरी गेले आणि बाईंनी त्यांच्याकडे ठेवलेली जादा किल्ली घेऊन आले. कुलूप निमूटपणे उघडलं, पण कडीपुढे किल्लीचं काय चालणार?

गोंधळ ऐकून वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर खाली आले. त्यांनी आधी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. "कवळी कुठाय? मी एवढी मापं घेऊन करून दिली आणि तुम्ही घालत नाही?"

"डॉक्टर, आत दूध उतू जातंय आणि तुम्हाला कवळीचं पडलंय?"

"तरीच तिला तुमचा आवाज ओळखू येत नाहीये. सरका, मुद्दाम चुकायचंच ना, मी बघतो. बेटा, एकोणसाठ!"

"तीन चुका!" बिट्टी आनंदाने किंचाळली. मग खिडकीकडे धावणारी पावलं ऐकू आली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा पुकारा झाला, "चोर! चोर! आमच्या दारात तीन चोर आहेत! एक बाई आहे, ती आजीसारखा आवाज काढते, पण तिला दात नाहीत!"

शिकवलेलं इतकं नीट लक्षात ठेवणारी मुलगी बाईंनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. एरवी त्यांचा ऊर भरून आला असता. आता मात्र डोळ्यांपुढे काळं ठिक्कर पडलेलं पातेलं, धूर आणि त्या धुरात उभी असलेली बिट्टी दिसत होती.

खाली माणसं जमली. चौकी कोपऱ्यावरच असल्यामुळे एक धिप्पाड हवालदार धापा टाकत वर आला. "कुठायत चोर?"

"आम्हीच," शिंपीकाका म्हणाले.

आत नात आहे आणि गॅसवर दूध, एवढंच बाईंनी रडवेल्या आवाजात सांगितलं. हवालदाराने टोपी नीट केली आणि दारावर हलकेच टकटक केली. "बाळ, मी पोलीस आहे. दार उघड बरं."

"पोलिसांचं सोंग घेऊनही चोर येतात, आजी म्हणाली. पण पोलिसांना एक चान्स देते. सात नवे किती?"

"एवढंच ना?" हवालदार सगळ्यांकडे बघून हसला. आणि इतक्या माणसांत आपल्याला येतं असं काहीतरी विचारलं गेल्याच्या समाधानाने, छातीठोकपणे म्हणाला, "चौसष्ट!"

कडी सरकली. दार उघडलं.

बाई आत धावल्या. धूर नव्हता, वासही नव्हता. दुधाचं पातेलं ओट्यावर गार पडलं होतं.

"गॅस कोणी बंद केला?"

"तू पेटवलाच नव्हतास," बिट्टी म्हणाली. "लायटर तुझ्या हातात आहे ना!"

बाईंनी हातातल्या लायटरकडे पाहिलं आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. मग बिट्टीला घट्ट जवळ घेतलं. जरा वेळाने कवळी बसवून, डोळे पुसून त्यांनी दारातल्या हवालदाराला नीट न्याहाळलं. ते गाल, ते कान आणि तो आत्मविश्वास.

"भोपळ्या?"

हवालदार एकदम सावधान उभा राहिला. "हजर, बाई!"

"अरे, सात नवे त्रेसष्ट!"

"मग पोरीने दार कसं उघडलं?" तो भाबडेपणाने म्हणाला.

डॉक्टरांना ठसका लागला. बाईंनी हवालदाराला बसवलं, दूध खरोखर तापवलं आणि कपभर त्याच्या हातात दिलं. मागच्या गल्लीतल्या चोरीचं विचारलं, तर तो हसतच सुटला. "कसली चोरी, बाई! मालकांनीच सायकल भाजीच्या दुकानाशी लावली आणि ते विसरून चालत घरी आले. वर्षभरात या भागात तेवढी एकच तक्रार."

शिंपीकाकांनी मोठ्ठा सुस्कारा सोडला. जिन्यातली दारं एकेक करून निवांत बंद झाली.

"आजी," बिट्टी कुजबुजली, "ते उत्तर आता सगळ्यांना कळलं. नवीन पाहिजे."

बाईंनी क्षणभर विचार केला आणि तिला अगदी जवळ ओढलं.

"भोपळ्या," त्यांनी मायेने विचारलं, "आठ नवे किती रे?"

"चौऱ्याहत्तर!" भोपळ्या दुधाच्या मिशा पुसत म्हणाला.

"ऐकलंस ना?" बाई नातीच्या कानात म्हणाल्या. "पाठ करून टाक."