वडिलांकडून आलेलं

टेलरमास्तर लोकांच्या कंबरेचं माप नुसत्या नजरेने सांगत. स्वतःच्या पँटी मात्र दर वर्षी गुपचूप उसवून सैल करत. लेकीने वाढदिवसाची भेट म्हणून त्यांची जनुकतपासणी करवली आणि अहवाल आला : हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराची शक्यता वाढवणारा जनुकीय फरक, एक प्रत.

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. इतकी वर्षं बायको पोटावरून टोमणे मारत होती आणि खरा गुन्हेगार रक्तातच निघाला, या विचाराने त्यांना भीतीपेक्षा हायसंच जास्त वाटलं. त्यांनी जिना चढणं बंद केलं, कधी सुरूच न झालेलं फिरणंही बंद केलं आणि कोचावर पडून बहिणीला फोन लावला.

"अण्णांची देणगी गं ही. घर नाही, जमीन नाही, मुलाला दिलं काय, तर हे."

बहिणीने हे शब्द जसेच्या तसे वडिलांच्या कानावर घातले. तासाभरात दारावरची बेल वाजली. लिफ्ट बंद होती. ब्याऐंशी वर्षांचे अण्णा चार जिने चढून आले होते. मास्तरांना कोचापासून दारापर्यंत येतानाच धाप लागली.

"आधी बस," अण्णा म्हणाले. "मी काय दिलं म्हणतोस?"

"तुम्ही असं नाही, अण्णा. म्हणजे, रक्तातून आलं."

"मग मलाही तपासा. उगाच आळ नको."

तीन आठवड्यांनी लेक त्यांचा अहवाल घेऊन आली.

"बाबा, हे आजोबांकडूनच आलंय."

मास्तरांनी बायकोकडे विजयी नजरेने पाहिलं.

"पण आजोबांकडे दोन प्रती आहेत, तुमच्याकडे एकच. म्हणजे जन्मतः धोका त्यांना जास्त. तुमचा बाकीचा तुम्ही स्वतः कमावलाय."

कोणी हसलं नाही, हेच मास्तरांना जास्त लागलं.

अण्णा उठले. "मी फिरायला चाललोय. येतोस?"

आता नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं. मास्तरांनी कपाटातून बूट काढले, धूळ झटकली, पाय घातले आणि लेस बांधायला वाकले. मध्ये पोट आलं. श्वास रोखून पुन्हा वाकले. पुन्हा पोट.

अण्णा खाली बसले आणि त्यांनी दोन्ही बुटांच्या लेस नीट बांधून दिल्या.

"लहानपणीही तुला हे जमत नव्हतं," उठता उठता ते म्हणाले. "हे मात्र तुझ्या आईकडून आलं असणार."