शून्य ओहमची लीड

आमचे मधुकाका बाजारात पिशवी नाही, मीटर घेऊन जातात. खिशात मावणारा नव्हे. तारांचा रेझिस्टन्स मोजायचा, टेबलावर ठेवायचा, चांगला सुटकेसएवढा. टॉवेलात गुंडाळून, ऑटोत मांडीवर धरून, "गड्ढा बचा के, भैया!" असं दर चौकात ओरडत.

सदर मोहल्ल्यात मी त्यांचा शेजारी, त्यामुळे ओमतीच्या बाजारापर्यंतच्या या वरातीत मी असतोच. काकांना मीटरची नवी लीड हवी आहे, म्हणजे टोकाला सुया असलेली लाल-काळ्या तारांची जोडी. दुकानदारानं जोडी काढली की काका मीटर तिथंच प्लगला लावतात आणि दोन्ही सुया एकमेकींना टेकवतात. तारेचा स्वतःचा रेझिस्टन्स शून्य दिसला पाहिजे.

"पॉइंट एक! ये क्या रखे हो भैया?"

"चाचाजी, तार है, इतना तो आएगा ही."

"काहून येईल?" काका दुकानदाराचा राग मराठीत माझ्यावर काढतात.

सहा महिन्यांत दहा दुकानं झाली. एक लीड जाड, एक कडक. एकीची लाल तार "लाल कुठं, नुसती लाजलेली."

"काका, स्वर्गात गेलात तरी आधी दारावरच्या बेलची वायर मोजाल!" मी म्हणायचो.

हे वेड जुनं नाही. रिटायर झाल्यावर काका रिछाईच्या एका कारखान्यात माल तपासायचे. तीन वर्षांपूर्वी तिथं त्यांच्या धाकट्या भावानं, शरदनं, तांब्याच्या कॉइल्स पुरवल्या. रेझिस्टन्स एक ओहम जास्त निघाला. भावाचा माल, म्हणून काका दुप्पट कडक. एरवी मोजण्याआधी सुया टेकवून बघायचे. त्या दिवशी तेवढंच राहिलं. सगळा माल परत गेला. शरदचं वर्कशॉप बंद पडलं, आणि दोन्ही घरांचं बोलणंही.

यंदा काकांची जुनी लीड सुईच्या मुठीजवळ वाकली आणि मीटरवरचा आकडा उड्या मारायला लागला. आतून तुटली होती. पण केव्हापासून? शरदची नमुन्याची एक कॉइल काकांच्या कपाटात होती. चांगली लीड लावून ती मोजली की चूक कुणाची ते कळणार होतं.

अकराव्या दुकानात माझ्या जिभेला राहवलं नाही. "काका, तुम्हाला लीड मिळायलाच नको आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "दे दो भैया," म्हणाले, "जो भी है."

घरी येऊन कॉइल मोजली. सुया पुसून पुन्हा मोजली. कॉइल बरोबर होती.

"तुझ्या फोनवरून लाव," काका म्हणाले. "माझा नंबर तो उचलत नाही. तीन वर्षं झाली, दर रविवारी लावून राहिलो."

शरदनं उचलला.

"शरद, मी दादा. तुझा माल बरोबर होता रे. माझी लीड खराब होती."

"मी तेव्हाच सांगितलं होतं, दादा," पलीकडून आलं. शेजारी बसलेल्या मलाही ऐकू आलं. आणि त्यानंतरची, फोन कापल्याची टूं-टूंही.

काकांनी फोन कानापासून हलवला नाही. "हो... अच्छा... पोरं बरी आहेत ना?... ये ना मग, केव्हाही ये." थांबून थांबून, उत्तराला जागा ठेवत बोलत राहिले. मध्येच मला हातानं खुणावलं: चहा टाक.

मी उठलो. फोन माझा होता, पण तो मी बऱ्याच वेळानं मागितला.