व्हायोलिनवाल्याची वामकुक्षी

दोन दमलेल्या पाहुण्यांना पेलाभर वाईन द्यावी, असं माझ्या मनात आलं. आता तुम्हीच सांगा, यात वाईट काय होतं? कुठल्याही सभ्य गृहस्थाच्या मनात हेच आलं असतं. (हे दोघं झोपले की आपल्याला निवांत लिहिता येईल, हे मात्र फक्त माझ्याच मनात आलं असतं.)

मरियममातेचा सण होता. भर ऑगस्ट. त्या दिवशी आमच्या बेटावर कादंबरी लिहायला बसणं म्हणजे लग्नाच्या मांडवात बसून गणितं सोडवणं. पहाटेपासून घंटा, मग मिरवणूक, मग फटाके, मग ऑस्ट्रेलियाहून आलेले नातेवाईक, जे फटाक्यांपेक्षा मोठ्यानं बोलतात. चौकात मोठमोठ्या हंड्यांत बोकड शिजत होता आणि त्याचा वास माझ्या परिच्छेदांत शिरत होता. माझं शेवटचं प्रकरण अडलं होतं. नायक समुद्राकडे बघत उभा होता. इस्टरपासून तो तसाच उभा होता. त्याचे पाय दुखत असतील, पण त्याला पुढे काय करायला लावावं तेच मला सुचत नव्हतं.

त्यात यंदा जत्रेचं यजमानपण आमच्या घरी होतं. म्हणजे माझ्या बायकोकडे, अर्गिरोकडे. माझ्याकडे या बेटावर कोणी काही सोपवत नाही. मी लग्न करून अथेन्सहून इथं आलो त्याला एक जमाना झाला, तरी गाव मला अजून 'याकूमिसचे अथेन्सवाले जावई' म्हणतं. तोंडावर 'मास्तर' म्हणतात, कारण हातात पेन धरणारा माणूस मास्तरच असणार, अशी इथली समजूत.

अर्गिरोला या यजमानपणाचं फार अप्रूप होतं. तिच्या आईनं जन्मभर त्याची वाट पाहिली आणि पाळी यायच्या आतच ती गेली. शिवाय गेल्या वर्षी जत्रा केली होती मारिगोकाकूंनी, आणि तशी जत्रा पुन्हा होणे नाही, असं सगळं गाव म्हणत होतं. (गाव म्हणजे मुख्यतः मारिगोकाकू स्वतः.)

वाजवणारे दोघं शेजारच्या बेटावरून सकाळच्या बोटीनं आले आणि रिवाजाप्रमाणे यजमानांकडे, म्हणजे आमच्याकडेच उतरले. पांदेलिस व्हायोलिनवाला, काटकुळा आणि बोलका. स्तामातिस लाऊतोवाला, आडवातिडवा आणि मुका म्हणावा इतका अबोल. लाऊतो या तंतुवाद्याची लांब मान हातात धरून तो दारातून आत आला, तेव्हा बदक धरून आणल्यासारखं वाटलं. दोघंही आदल्या गावची जत्रा वाजवून तसेच बोटीत चढले होते. डोळे तांबारलेले. पण झोपतील तर शपथ! माझ्या लिहायच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत बसले आणि सूर लावायला लागले. एकच ओळ, पुन्हा पुन्हा. माझा नायक एक पाय उचलायचा, भिंतीपलीकडून व्हायोलिन 'कीं' करायचं, की नायकाचा पाय परत खाली.

अर्गिरो चौकात जायला निघाली. दारात थांबली.

"लेआंद्रोस, पाहुण्यांना जेवायला वाढ. ऊन उतरलं की चौकात घेऊन ये. बाकी कशाला हात लावू नकोस."

"एवढंच ना?"

"तू 'एवढंच ना' म्हणालास की माझ्या पोटात गोळा येतो," असं म्हणून ती गेली.

मी बोकड वाढला, काबुली चणे वाढले, पाव वाढला. आणि मग तो विचार आला. तळघरात सासऱ्यांची वाईन असते. मी खालच्या फळीवरचा, धूळ बसलेला बुधला उचलला. धूळ म्हणजे जुनी, जुनी म्हणजे चांगली. (वाईनबद्दलचं माझं सगळं ज्ञान माझ्याच कादंबऱ्यांतून आलेलं आहे.)

"पांदेलिसभाऊ, थोडी घ्या. घरची आहे."

"नको मास्तर, वाजवायचंय."

"अहो, पेलाभरानं काय होतंय! घसा ओला होईल."

"मी गात नाही. व्हायोलिन वाजवतो."

"मग हात ओले होतील," मी म्हणालो. (लेखक माणूस उत्तराला कमी पडत नाही. उत्तराला अर्थ असेलच असं नाही.)

पांदेलिसनं घेतली. स्तामातिसनंही घेतली. पेला खाली ठेवून तो "अरे वा!" म्हणाला. एवढं बोलून तो दिवाणावर असा आडवा झाला, की दिवाण करकरला. पांदेलिस मला त्याच्या मेहुण्याच्या बोटीची काहीतरी गोष्ट सांगत होता. 'आणि मग मेहुणा म्हणाला' इथपर्यंत आला आणि मेहुणा काय म्हणाला ते सांगायच्या आत पलंगावर कलंडला. मी हळूच पडदे ओढले. पाहुणचाराचा भाग म्हणून मीही पेलाभर घेतली होती. टेबलाशी बसलो. काय सांगू! शब्द नुसते धावत येत होते. नायक वळला. नायक पायऱ्या उतरू लागला. आणि शेवटच्या पायरीवर मी टेबलावर डोकं टेकलं.

"लेआंद्रोस!"

डोळे उघडले तर समोर अर्गिरो. अंगावर नवा झगा, चेहऱ्यावर जुना राग.

"ऊन उतरून गेलं! चौक भरलाय! मारिगोकाकू पहिल्या बाकावर बसून दर मिनिटाला घड्याळ बघतायत. व्हायोलिन कुठंय?"

"झोपलंय," मी म्हणालो.

मग आमची तारांबळ सुरू झाली. आम्ही पांदेलिसला हलवलं. त्याच्या कानात ओरडलो. नाकाशी कोलनवॉटर धरलं. तो "नको, पोट भरलं" म्हणाला आणि कुशीवर वळला. स्तामातिसला हलवायचा प्रयत्न केला, पण तो हलवायच्या वजनाचा माणूसच नव्हता. मी घाईघाईनं घट्ट कॉफी चुलीवर ठेवली. एवढ्यात सासरे, याकूमिस, लगबगीनं आत आले. जन्म मासेमारीत गेलेला माणूस. एका नजरेत त्यांनी दोघांना पाहिलं, मग मला.

"काय पाजलंत, जावईबापू?"

"तुमचीच वाईन."

"वरच्या फळीवरची?"

"खालच्या."

सासऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली. ती ते फक्त देवळात काढतात.

"अहो, ती पितात का? ती मी गुडघ्याला चोळतो!"

"मग आता?" अर्गिरोचा आवाज चिरकला.

"मरत नाही कोणी," सासरे म्हणाले. "पण उठतही नाही."

आता माझ्या डोक्यात दुसरा विचार आला. (पहिल्याचं काय झालं हे बघूनसुद्धा आला, हे विशेष.) आमच्या घराची भिंत देवळाला लागून आहे आणि घंटा बरोबर आमच्या खिडकीसमोर येते. ती वाजली तर मेलेला माणूस उठेल. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. खाली निकिफोरोस पाद्रीबाबा दाढी विंचरत उभे होते.

"बाबा! घंटा वाजवा! जोरात! लवकर!"

बाबांनी वर पाहिलं. माझे केस उभे राहिलेले. चेहरा पांढराफटक. आणि माझ्या मागून काळाकुट्ट धूर येत होता, कारण कॉफी चुलीवर आहे हे आम्ही तिघंही विसरलो होतो. बाबांना जे वाटायचं ते वाटलं. त्यांनी सणाची घंटा वाजवली नाही. आगीची वाजवली.

सगळा चौक उठला. घागरी, बादल्या, पातेली, ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन गाव आमच्या अंगणात घुसलं. ऑस्ट्रेलियाच्या नातेवाइकांनी तर बोकडाचा रस्सा भरलेलं पातेलंच आणलं होतं. सगळ्यांच्या पुढे मारिगोकाकू. या वयात काय तो नेम! त्यांनी बादली उचलली आणि अंगणाकडच्या ठेंगण्या खिडकीतून सपकन आत रिकामी केली. पाणी चुलीवर पडलं नाही, कारण चूल दुसऱ्या खोलीत होती. ते माझ्या टेबलावर पडलं. जेमतेम पायऱ्या उतरलेला माझा नायक शेवटच्या प्रकरणासकट थेट समुद्रात गेला.

चार थेंब मधल्या उघड्या दारातून पांदेलिसवरही उडाले. तो झोपेत विचारता झाला, "बंदर आलं का?" आणि परत घोरू लागला.

"आग कुठंय?" काकूंनी खिडकीतून विचारलं.

"आग नाही, काकू," मी म्हणालो. "व्हायोलिनवाले झोपलेत."

अंगणात अशी शांतता पसरली, की जिची मी सकाळपासून वाट बघत होतो. पण आता ती मला नको होती.

"माझ्या वेळी," मारिगोकाकू म्हणाल्या, "व्हायोलिनवाले वाजवायचे."

अर्गिरो ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. त्याची मला सवय आहे. ती नुसती भिंतीला टेकून उभी राहिली आणि नव्या झग्याच्या बाहीनं डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "आईला किती हौस होती."

"मी काहीतरी करतो," मी म्हणालो.

"तू काही करू नकोस!" बायको, सासरे आणि पाद्रीबाबा एका सुरात म्हणाले.

पण मी निघालोच. दोघं उठेपर्यंत लोकांना बसवून ठेवायला हवं होतं. लोक उठून घरी गेले की जत्रा संपली. आणि लोकांना बसवून ठेवायला मला काय येतं? गोष्ट सांगायला येतं. (निदान प्रकाशकाला तसं वाटतं. हल्ली त्यालाही शंका आहे.) मी ओल्या कागदांचा गठ्ठा छातीशी धरला, चौकात गेलो आणि वाजवणाऱ्यांसाठी मांडलेल्या फळ्यांवर चढलो. कागदांतून माझ्या बुटांवर पाणी ठिबकत होतं. मी वाचू लागलो.

"'तो समुद्राकडे बघत उभा होता...'"

"कुठल्या बाजूच्या?" सासऱ्यांनी विचारलं.

"उत्तरेच्या."

"ऑगस्टात? एवढा वारा असताना? टोपी उडेल त्याची."

"त्याच्या डोक्यावर टोपी नाहीये."

"मग ऊन लागेल," मागच्या बाकावरून कोणीतरी काळजीनं म्हणालं.

मी पुढे वाचलं, "'त्याच्या मनात एक अनाम पोकळी होती...'"

"जेवला नसेल," पाद्रीबाबा म्हणाले. "इकडे बोलवा त्याला. बोकड उरलाय."

पानं एकमेकांना चिकटली होती. मी उलटायचो आणि परत तेच पान यायचं. तीच पोकळी, तोच समुद्र. लोकांच्या ते लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही बऱ्याच उशिरा लक्षात आलं. पहिल्या बाकावर जांभया सुरू झाल्या. कोणीतरी खुर्ची मागे सरकवली. अर्गिरो चौकाच्या कोपऱ्यात ओठ घट्ट मिटून उभी होती. आता लोक उठणार, हे मला दिसत होतं. नायक तिसऱ्यांदा समुद्राकडे बघायला लागला आणि मारिगोकाकू उठल्या.

झालं, मी मनात म्हटलं. आता काय बोलणार या?

काकूंनी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली.

नवरीला माहेरच्या अंगणातून नेतानाचं जुनं गाणं होतं ते. आवाज फाटलेला, पण असा खणखणीत की माझं वाक्य मध्येच तुटून पडलं. पहिली ओळ त्या एकट्या गायल्या. दुसऱ्या ओळीला अर्गिरो गाऊ लागली. तिला ती आईकडून येत होती. ती गातच पुढे आली. मग बायकांनी ओळ उचलली, पुरुषांनी बाकांवर ताल धरला, पाद्रीबाबा पळीनं हंडा वाजवायला लागले. बघता बघता चौकात हातात हात गुंफून फेर सुरू झाला. फेराच्या तोंडाशी मारिगोकाकू आणि त्यांचा हात धरून माझी बायको.

"तुझी आई ही ओळ अशीच लांबवायची गं," काकू तिला म्हणाल्या. अर्गिरोच्या डोळ्यांत परत पाणी आलं, पण या वेळी ती हसत होती.

फेर माझ्या समोरून गेला तेव्हा तिनं मला फळ्यांवरून खाली ओढलं.

"मला येत नाही!"

"ठाऊक आहे. पायाकडे बघ. समुद्राकडे बघत उभा राहू नकोस."

मी सासऱ्यांचा पाय तुडवला, एका ऑस्ट्रेलियन मावशीचा तुडवला, पण कोणी रागावलं नाही. आम्ही असे नाचत असताना चौकाच्या तोंडाशी दोघं जण दिसले. गालांवर अर्गिरोच्या भरतकामाच्या उशीचे वळ, केस विस्कटलेले, हातांत वाद्यं.

"आमच्याशिवाय सुरू केलंत?" पांदेलिसचा आवाज अगदी दुखावलेला.

"या, बसा, जेवा," मारिगोकाकू फेर न थांबवता म्हणाल्या. "तुमची गरज पडली तर सांगू."

पण ते कशाला बसतात! फळ्यांवर चढले आणि गाण्याचा धागा जिथं होता तिथूनच उचलला. इतकं ताजंतवानं व्हायोलिन आमच्या बेटानं कधी ऐकलं नव्हतं. जत्रेतल्या वाजवणाऱ्याला पुरेशी झोप मिळते कुठे? स्तामातिस तर एकदा चक्क हसला. यंदासारखी जत्रा पुन्हा होणे नाही, असं गाव म्हणू लागलं, आणि या वेळी गाव म्हणजे मारिगोकाकूसुद्धा. अर्गिरोनं मला पुरती माफी दिली. फक्त तळघराची किल्ली स्वतःकडे ठेवली.

काही दिवसांनी दुपारी दार वाजलं. दारात डोंगरावरच्या गावचे दोघं वडीलधारे. हातात चीजचा गोळा, अंजिरांची टोपली आणि चेहऱ्यावर असा आदर, की मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तो माझ्यासाठीच होता.

"मास्तर, रविवारी आमच्याकडे जत्रा आहे. तुमचं वाचन ठेवावं म्हणतो."

इतक्या वर्षांत बेटावरच्या कोणी मला हे विचारलं नव्हतं.

"कुठला भाग वाचू?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्हाला आवडेल तो," थोरले म्हणाले. "आमची माणसं जरा लाजरी आहेत हो. गायला लवकर उठत नाहीत. पण तुम्ही धीर सोडू नका. उठेपर्यंत वाचत राहा."

मी गेलो. का गेलो ते विचारू नका; लेखकाला बोलावणं आलं की तो जातो. चौक गच्च भरला होता. मी फळ्यांवर चढलो, चष्मा लावला, कागद नीट केले आणि घसा खाकरला.

तेवढ्यावरच त्यांनी गायला सुरुवात केली.