गेनू फौजीची सहा खाचांची काठी

गेनू फौजीला मयताचंबी भान न्हाय. माझ्या बायकोच्या तिसऱ्याला राख सावडायला माणसं जमलेली, आन् ह्यो पाव्हण्यांला रायफलची नळी समजावून सांगतोय. नळीला बाहेरनं खाचा पाडल्या म्हणून नेम सुधरत न्हाय, म्हणे. मला तर त्याला तिथंच ढकलून द्यावं वाटलं.

गेनू माझा जळकोटातला शेजारी. फौजेत बंदुका दुरुस्त करायच्या कामावर होता. रिटायर होऊन आला आन् पडवीत कानशी मांडून बसला. बायको न्हाय, लेकरू न्हाय.

एकदा हायवेच्या हॉटेलात एका बागायतदारानं लायसनची रायफल दाखवली. नळीवर लांब लांब खाचा. "ह्यानं नेम पक्का बसतो," म्हणला. गेनूनं च्या खाली ठेवला.

"साहेब, खाचा बघून गोळी लाजती का? गोळी फिरती आतल्या आट्यांनी. बाहेरच्या खाचांनी नळी हलकी व्हती, लवकर निवती. बास. आन् एक खाच खोल, एक उथळ पडली, तर नळी तापली की वाकती. मग मारायचं रानडुक्कर आन् पडायची पाटलाची म्हस."

सगळं हॉटेल हसलं. मीबी हसलो. तवा मला हसू येत होतं.

यंदा बायकोचं गुडघं गेलं, वर ताप. म्हस व्याली होती आन् तिला रेडकू बघायचं होतं. गोठा वीस पावलं. पण बाई हट्टी. "मला कुणी धरायचं न्हाय. मी माझी जाईन." म्या तुळजापुरातनं काठी आणायला निघालो, तर गेनू आडवा आला. "बाजारची काठी दगा देती, दादा. वैनींची काठी मी करतो."

केली. लोखंडी नळीची. तिनं उचलली आन् खाली ठेवली. "भावजी, ह्यानं चालू का मिरची कांडू?"

"हलकी करतो," म्हणला. बाहेरनं सहा खाचा पाडणार. बसला घासत. अठरा दिवस. रोज म्या कुंपणावरनं वरडायचो, "आरं, काठी हाय ती. तिच्यातनं कुणाला गोळी घालायची न्हाय." त्याचं एकच, "केसभर कमी-जास्त झाली तर नळी वाकती."

रेडकूच उचलून घरात आणावं, हे मला अठरा दिवसांत एकदाबी सुचलं न्हाय. ती गेली तवा गेनूची पाचवी खाच चालली होती.

तिसऱ्याच्या सांजला तो काठी घेऊन घरी आला. सहा खाचा पुऱ्या. मला येत होत्या तेवढ्या शिव्या म्या घातल्या. "आता कुणाला देतोस? बाजारची आणली असती तर बाई गोठ्यात जाऊन आली असती. घाल तुझी नळी चुलीत."

त्यानं मान खाली घालून सगळं ऐकलं. मग म्हणला, "दादा, वाकली असती, आन् वैनी पडल्या असत्या तर?"

त्यानं काठी फरशीवर आडवी ठेवली आन् बोटानं हळूच ढकलली. वाकडी असती तर हेलपाटली असती. सरळ गरंगळत गेली आन् तिच्या खाटेच्या पायाला लागून थांबली.

उचलायला दोघंबी उठलो न्हाय.