खांबातल्या दोन चिपा

ओसरीवर मशीनातला बोटाएवढा ट्रान्झिस्टर फुटला तेव्हा विजयमाला चुलीपुढं भाकरी थापत होती. सुतळी बॉम्ब उडाल्यासारखा आवाज झाला. ती पिठाच्या हातानंच धावत बाहेर आली, तर नवरा दाराआड उभा. कानांवर हात आणि डोळे गच्च मिटलेले.

"काय झालं वं?"

"काय न्हाई. चाचणी चाललीया," म्हणत कृष्णातनं छाती पुढं काढली.

कृष्णात फौजेत सिग्नलला हवालदार होता. पेन्शन घेऊन पाटणजवळच्या आपल्या गावी आला तेव्हापासून गावाची ठाम समजूत, की हा गडी कशालाच भीत नाही. साप निघाला, बोलवा कृष्णातला. खांबावर तार तुटली, बोलवा कृष्णातला. प्रत्यक्षात विजेच्या ठिणगीला तो मनातून जाम भीत असे. ही गोष्ट त्याला आणि देवाला, दोघांनाच ठाऊक होती. देव काही बोलत नव्हता, म्हणून चाललं होतं.

पण यंदा नरसिंह जयंतीचं कीर्तन जवळ आलं आणि पंचाईत झाली. हरिबा बुवांच्या तोंडून प्रल्हादाचं आख्यान ऐकण्यासारखं दुसरं सुख नाही. बुवा कळवळून नारायणाचं नाव घेतात तेव्हा दाराशी चपला सांभाळणाऱ्याचेही डोळे भरून येतात. पण देवळात कुणीतरी बोलून गेलं, "आख्यानात खांबातनं खरीखुरी वीज निघाली तर?" सगळ्या माना कृष्णातकडं वळल्या. त्यानं मोबाईलवर टेस्ला कॉईल पाहिली होती. तांब्याच्या तारेचं उभं वेटोळं, आणि टोकातून हवेत फुटणारी जांभळी वीज.

"करतो की," तो बोलून बसला.

"करा, करा," बुवाही सगळ्यांदेखत म्हणाले. "वीज देवाचीच हाय. आमी कशाला भ्यायचं?"

फुटलेला ट्रान्झिस्टर कागदात गुंडाळून कृष्णात पाटणला लियाकतभाईंच्या दुकानी गेला. लियाकतभाई टीव्ही-मिक्सर दुरुस्त करत आणि गिऱ्हाईकाला शिव्या फुकट देत.

"ह्यो कशाला घिटलास गड्या?"

"सगळ्यात दांडगा हुता. भरतीला उभा केला तर छाती मोजायला नको."

"दांडगा हाय, पर सुस्त हाय. दोन ट्रान्झिस्टर म्हंजी इजेची दोन दारं, आळीपाळीनं उघडायचं-मिटायचं, त्येबी सेकंदाला लाखावर येळा. ह्यो मिटायच्या आत दुसरा उघडतोय, मग दोघं मिळून शॉर्ट! चपळ गडी बघ. आन पाचशे व्होल्ट सोसणारा." त्यांनी दोन सडपातळ ट्रान्झिस्टर काढले आणि शेजारी दोन चिमुकल्या चिपा ठेवल्या. "आन ह्या ट्रान्झिस्टरांना हाकायच्या ड्रायव्हर चिपा. एक सुलटी, एक उलटी. सुलटी सांगंल तसं करती, उलटी सांगंल त्याच्या उलट."

कृष्णातच्या कपाळाला आठी पडली. "एका पलटणीत असलं चालत न्हाई भाई. दोनी सारख्या द्या. कदम मिळाला पायजे."

"ने बाबा," लियाकतभाई वैतागून म्हणाले.

घरी जोडणी झाली, बुवा मुद्दाम पाहायला आले. बटण दाबलं. काहीच नाही. कृष्णात मनातल्या मनात देवाला नारळ बोलला, पण तेवढ्यात लियाकतभाई स्कूटरवरून हजर.

"सांगत हुतो का न्हाई? दोन माणसांची करवत कशी चालती? एकानं वढायची तवा दुसऱ्यानं सोडायची. दोघंबी वढाय लागली तर करवत हालंल का? दोनी चिपा सारख्या, म्हंजी मशीन मुकं!"

त्यांनी उजवीकडची चिप उपटून तिथं उलटी बसवली आणि बटण दाबलं. चर्रर्र करून वीतभर वीज हवेत नाचली. कोपऱ्यात टेकवलेली जुनी ट्यूबलाईट, तार नाही, पट्टी नाही, आपोआप पेटली. विजयमालेनं हात जोडले. बुवांच्या हातातून चिपळ्या खाली पडल्या.

"व्वा," बुवा म्हणाले. ते उंबऱ्यापर्यंत मागं सरले होते.

"व्वा," कृष्णात म्हणाला. तो बुवांच्याही मागं जाऊन उभा होता.

लियाकतभाईंनी एक सुलटी आणि एक उलटी अशा जादाच्या चिपा पुड्यांत बांधून, वर नावं घालून, मशीनशेजारी ठेवल्या आणि गेले.

जयंतीला दुपारी देऊळ रिकामं होतं. मशीन दडवलेल्या थर्माकोलच्या खांबामागं कृष्णात शिरला. चिप नुसती काढून ठेवली तर ट्रान्झिस्टर पुन्हा फुटेल ही धास्ती. पण दोन्ही सारख्या केल्या की मशीन मुकं, हे तर ठाऊकच होतं. त्यानं प्लग काढला, डावीकडची सुलटी उपटली, खिशात घातली आणि तिथं पुडीतली उलटी बसवली. प्लग परत लावला. आता दोन्ही उलट्या. "देवा, माफ कर," तो पुटपुटला. "कीर्तन तुझं हाय, बुवांचं हाय. इजेचं न्हाई." कधी नव्हे एवढी शांत झोप त्यानं त्या दुपारी काढली.

तिन्हीसांजेला देऊळ माणसांनी गच्च भरलं. कृष्णात निर्धास्तपणे खांबाला चिकटून बटणाशी बसला. बुवाही आज भलतेच खुलले होते. खांबाकडं पाठ करून नाचले, त्याला उपरणं घातलं. हिरण्यकश्यपू गरजला, "ह्या खांबात हाय का रं तुझा देव?" आणि बुवांनी खांबावर थाडकन थाप मारली. कृष्णातनं ऐटीत बटण दाबलं.

चर्रर्रर्र!

हातभर लांब वीज बुवांच्या पगडीवरून सळसळत गेली. माईक किंचाळला. देवळातल्या दोन बंद ट्यूबा पेटल्या. बुवांनी "नारायणाऽऽ!" अशी आरोळी ठोकून कृष्णातला मिठी मारली आणि कृष्णातनं बुवांना. बटण दोघांच्या पायांखाली कुठंतरी गेलं. इतक्या अंतःकरणातून ते नाव त्या देवळात आजवर कुणी घेतलं नसेल. सारा गाव हुंदके देत लोटांगणात गेला.

"बुवा," कृष्णात मिठीतच कुजबुजला, "मी डावीकडं उलटी घातली हुती!"

"आरं देवा!" बुवांनी मिठी आणखी आवळली. "मी मागनं यिऊन उजवीकडं सुलटी घातली! लियाकतभाईच म्हनलं हुतं, सारख्या असल्या की मुकं ऱ्हातंय!"

"म्हंजी परत एक उलटी, एक सुलटी!"

"ते कळलं! बंद कर की रं!"

"तुमी करा की!"

शेवटी बायकांतून विजयमाला उठली, शांतपणे चालत आली आणि तिनं प्लग उपटला.

आरतीनंतर लोक पाया पडायला रांगेनं आले. शेजारच्या गावचे बिरदेव पाटील गहिवरून म्हणाले, "असं आख्यान जल्मात बघितलं न्हाई. खांबाला बिलगून दोघं! इजेची भीती म्हनून न्हाई! उद्याच्या पुनवंला आमच्याकडं या. खांब घिऊनच या."

कृष्णातनं बुवांकडं पाहिलं. "बुवा म्हणतील तसं."

"छे छे," बुवा घाईनं म्हणाले. "फौजी म्हणंल तसं."

पाटील आणि त्यांच्यामागं उभा सारा गाव वाट पाहत राहिला. दोघांतलं कुणीच नाही म्हणेना.

"यिऊ की," दोघं एकदमच म्हणाले.

पाटील नमस्कार करून वळले. कृष्णातनं प्रसादाचा द्रोण बुवांच्या हाती दिला आणि वाकून त्यांच्या कानाशी लागला.

"बुवा, पुनवंला तेवढं आधी सांगा. तुमी कंची बदलणार?"